दाणा होता, पीठ नव्हतं

आई, आज तुझ्याबद्दल एक ओळ लिहायची होती. एकच. सकाळी आठ वाजता टेबलाशी बसले, आता दुपारचे तीन वाजून गेले, तरी ती ओळ काही लिहून होत नाही. म्हणून तिच्याऐवजी हे एवढं मोठं पत्र लिहायला घेतलंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एक भाकर जमंना म्हनून पुरनाचा घाट घातला का?" हसू नको. माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, तेच ते, बागलाणच्या स्वारीचं. छापण्याआधी शेवटचं तपासायला कागद आलेत, उद्या सकाळी कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल. चौथ्या प्रकरणात पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आहे. तुला ती पाठ होती, मला तर आहेच. 'ही माहिती एका वसतिगृहातील स्वयंपाकिणीकडून मिळाली.' ती बदलायची आहे. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, मी नोकरीतून निवृत्त झाले, माझे गुडघे गेले, आणि ती ओळ अजून तिथंच बसलेली आहे.

एका वसतिगृहातील स्वयंपाकीण! संगमनेरच्या त्या बोर्डिंगात तू बावीस वर्षं भाकरी थापल्यास. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. सोनईहून मामा न्यायला आला होता, पण तू गेली नाहीस. भावजयीच्या चुलीपुढं वाकण्यापरीस दोनशे परक्या पोरांपुढं वाकलेलं बरं, म्हणालीस आणि बोर्डिंगाच्या दारात जाऊन उभी राहिलीस. पत्र्याचं स्वयंपाकघर, तीन चुली, तू आणि आणखी दोघी. मागं चिंचेचं झाड. आपली खोली स्वयंपाकघराला लागूनच, त्यामुळे माझ्या दप्तराला, गणवेशाला, केसांना धुराचा वास. मी ज्वारीच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायची आणि जरा उठून काठवटीकडं आले की तू उलथनं उगारायचीस. "तू चुलीपशी यायचं न्हाई. एकदा हाताला थापायची सवय लागली की मंग सुटत न्हाई, बये." सगळ्या जगातल्या आया पोरींना भाकरी शिकवत होत्या, आणि तू मला चुलीपासून हुसकत होतीस. मला अजून धड भाकरी येत नाही. मधेच भेगाळते.

तुझं मोजणं मात्र मी बघत बसायची. पन्नास भाकरी पाटीत पडल्या की एक चिंचोका डब्यात. दोनशे पोरं, सकाळ-संध्याकाळ मिळून कुणी दोन खाणारा, कुणी चार. सगळे चिंचोके पडले की तू शेवटी आणखी एक टाकायचीस. एकदा मी म्हटलं, आई, चुकलीस, एक जास्त झाला. "चुकले न्हाई. तो करनाऱ्यांचा." मग तुम्हा तिघींपुरतं पुन्हा थोडं पीठ काठवटीत. बोर्डिंगचे व्यवस्थापक दर महिन्याला त्या एका चिंचोक्यावरून कुरकुर करायचे, आणि तू दर महिन्याला त्यांना तेच सांगायचीस, "भाकरी करनाऱ्याला पोट न्हाई व्हय, सायेब?" एरवी त्यांच्यापुढं तुझी मान वर होत नसे. या एका बाबतीत तू कधी ऐकलं नाहीस.

मी आठवीत होते तेव्हाचे ते तीन दिवसही तुला आठवत असतील. वादळानं खांब पडले, लाईट गेली आणि गिरणी बंद. कोठीत ज्वारीची पोती छताला लागलेली, आणि दोनशे पोरं ताटं वाजवतायत. तू आणि त्या दोघी आसपासच्या घरांतून जाती गोळा करायला निघालात. तोवर जाती होती कुठं? कुणी पायरी केलेलं, कुणाच्या जात्यावर तुळस. चार मिळाली. रात्रंदिवस दळूनही पहिल्या दिवशी पोराला एकेक भाकरी आली ती दुपार कलल्यावर. मधल्या वेळेला ज्वारी शिजवून घुगऱ्या वाढल्यास, आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या पोरांची पोटं बिघडली. तुझ्या हातांना फोड आले होते आणि तू पोत्यांकडं बघून खदखदा हसलीस. म्हणालीस, "बघ की, दाणं हायेत डोंगराएवढं, आन उपाशी मरतोय." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पुढं मी पुण्याला गेले, एम.ए. केलं, आणि सरांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं. सर म्हणजे मोठा माणूस, नुसतं ज्ञानानं नाही. आमच्या लिहिण्यावर ते कायम पेन्सिलीनं खुणा करायचे. दुसऱ्यानं लिहिलेलं शाईनं खोडायचा आपल्याला हक्क नाही, म्हणायचे. विषय त्यांनीच सुचवला. तुम्ही नगरच्या, नगरच्या निजामशाहीवर काम करा, म्हणाले, पण दरबारावर नको, सरहद्दीवर करा. म्हणून बागलाण. एका अंगाला गुजरात, एका अंगाला खानदेश, खाली आपलं नगर, आणि मधे डोंगरांत ते एवढंसं राज्य. गुजरातचा सुलतान जोरात असला की राजा त्याला खंडणी द्यायचा, नगरचा जोरात आला की नगरला. ज्याला मिळाली नाही तो फौज घेऊन यायचा. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "म्हंजी दोन जावांच्या मधी सापडलेल्या सासूवानी." पुढं वर्गात मी हे वाक्य किती वेळा वापरलं! पोरं हसायची. कुणाचं ते सांगितलं नाही कधी.

आता त्या दिवाळीचं लिहिते. बोर्डिंग रिकामं, पोरं गावाला गेलेली, तीन चुलींपैकी एकच पेटलेली. तू उखळात शेंगदाण्याची चटणी कुटते आहेस, सरांसाठी. दर दिवाळीला डबाभर चटणी माझ्याबरोबर पुण्याला जायची आणि सर डबा कधी रिकामा परत करायचे नाहीत, मूठभर साखर तरी घालायचेच. "सर चांगला मानूस दिसतो," तू म्हणायचीस, न बघितलेल्या माणसाबद्दल. मी पोत्यावर तोंड वाकडं करून बसले आहे, कारण प्रबंध अडलाय. नगरची एवढी मोठी फौज बागलाणच्या किल्ल्याखाली पावसाळाभर बसली आणि काही न करता उठून गेली. का गेली? जुने अभ्यासक म्हणतात राजा शूर. कुणी म्हणतं रोगराई. आणि फारसीतल्या एका तवारिखेत, म्हणजे बखरीत, एक विचित्र गोष्ट आहे, की लष्करात दाणा भरपूर होता तरी माणसं भुकेनं हैराण झाली. सगळ्यांनी ती चूक म्हणून सोडून दिलेली. दाणा असताना भूक कशी?

तुझं मुसळ थांबलं. "चूक कशापायी? खरंच लिव्हलंय त्यानं."

मग तू चिंचोक्यांचा डबा आणलास आणि जमिनीवर उपडा केलास. काठवट म्हणजे किल्ला, सरपणाच्या फाट्या म्हणजे घाट. एक चिंचोका म्हणजे शंभर माणूस. मी दहा मांडले, हजार झाले. तू विचारलंस, भाकरी किती खातील? मी म्हटलं, दोन वेळच्या मिळून चार. "म्हंजी चार हजार. एका बाईच्या हातनं दिसाला दोनशे, त्याच्या वर न्हाई, मी इतकी वर्सं बघतीया. तर वीस जनी निस्त्या थापायला. आन दळायला? जात्यावर एक बाई तीन पायल्या दळंल, हात तुटंस्तवर. दळायला तीसेक धर. पानी, सरपान, ते धर. हजारामागं शंभर." आणि तू अकरावा चिंचोका मांडलास. मग मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "आन त्यांची भाकर. त्यास्नी पोट न्हाई व्हय?" मी तीन वर्षं ती फौज मोजत होते गं. घोडे मोजले, हत्ती मोजले, तोफा ओढणारे बैलसुद्धा मोजले. तो अकरावा चिंचोका माझ्या एकाही कागदावर नव्हता.

"हे शंभर कुठनं आले? घाटातनं पावसात जाती घिऊन आले?" मी म्हटलं, थोडी जाती आणली असतील, ती सरदारांच्या स्वयंपाकाला. "मंग बाकीच्यांचं दळन कुनी दळलं? गावातल्या बायांकडनंच दळून घ्यायचं आसनार. दांडगाईनं. दुसरं काय? किल्ल्याखाली गावं हुती का न्हाई?" होती, मी म्हटलं, पण तवारिखेत लिहिलंय की फौज पोचली तेव्हा गावं ओस पडली होती. तू कपाळाला हात लावलास. "मंग झालं की! एवढं शिकून तुला ह्ये कळंना? बाया गेल्या डोंगरात. जाताना जात्याचा वरला दगड हिरीत ढकलला, पावसाळ्यात भरल्या हिरीतनं कोन काढतंय? दानं बस म्हनावं चघळत. घुगऱ्या खाऊन चार दिस निघत्यात, पाचव्या दिशी पोटं. आपल्या बोर्डिंगात न्हाई का झालं?" आणि पुन्हा उखळाकडं वळलीस, जसं काही मीठ किती घालायचं तेवढंच सांगितलं होतंस. मी त्या चिंचोक्यांकडं बघत बसले. अंगावर काटा आला होता. एका राज्याचं रक्षण झालं होतं, ते कुणी केलं ते मला माझ्या आईनं चटणी कुटता कुटता सांगितलं होतं.

मला तेव्हा तुझ्या पाया पडायला हवं होतं. मी म्हटलं, पण याला पुरावा काय? तू म्हणालीस, "हिरी बघ की."

मग मी हिंडले. उन्हाळ्यात, एस.टी.नं, पायी, त्या किल्ल्याखालच्या गावांमधून. एका गावात दुष्काळात जुन्या विहिरीचा गाळ काढला होता. मी विचारलं, काही निघालं का? एक म्हातारे बाबा म्हणाले, दगड निघाले, जात्याचे, सात-आठ. देवळामागं पडलेले होते. मी जाऊन बघितले. आई, सगळे वरचे होते. भोकाचे, खुंट्याच्या खाचेचे. खालचा एकही नाही. मी त्या दगडांवर बसून रडले, भर उन्हात, आणि बाबांना वाटलं हिला ऊन लागलं, त्यांनी गूळपाणी आणून दिलं. संगमनेरला उतरले ती स्टँडवरून पळतच बोर्डिंगात. तू भाकरी थापत होतीस. मी ओरडून सांगितलं. तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिला पाणी लावलंस आणि म्हणालीस, "मंग? मी काय सांगत हुते?" पण त्या दिवशी तुझं तोंड नुसतं उजळलं होतं, धुरात, घामात. त्या दोघींना तू दिवसभर सांगत होतीस, आमच्या पोरीच्या पुस्तकात माझी हीर येणार.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

पुण्याला विभागात माझ्याबरोबर ज्या मुली होत्या, त्यांचे वडील वकील, डॉक्टर, कुणाचे प्राध्यापक. पहिल्या वर्षी एकीनं विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हटलं, वसतिगृहात असते. खोटं नव्हतं. ती म्हणाली, अय्या, रेक्टर? आणि मी नाही म्हटलं नाही. एवढंच. एक शब्द तोंडातून निघाला नाही, आणि पुढची सहा वर्षं तू पुण्यात रेक्टर होतीस. दिवाळीत चटणीचा डबा उघडला की मुली म्हणायच्या, रेक्टरबाईंना वेळ कसा मिळतो गं? मी हसायची. तुला पुण्याला यायचं होतं, एकदा तरी. सर बघायचे होते, मी बसते ते ग्रंथालय बघायचं होतं. दर वेळी मी काहीतरी काढायची. खोली लहान आहे, परीक्षा आहेत. ज्या दिवशी मला पदवी मिळाली त्या दिवसाची तारीखसुद्धा मी तुला नंतर सांगितली. तू म्हणालीस, "आसूंदे, इथं तरी कुठं सुट्टी मिळनार हुती."

पुस्तक आलं तेव्हा मला नगरच्या कॉलेजात नोकरी लागलेली होती, सावेडीत भाड्याची दोन खोल्यांची जागा होती, आणि तुला मी बोर्डिंगातून काढून आणलं होतं. तुझी चौथी झालेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचीस. मला वाटलं होतं पाच-दहा पानं वाचेल, कंटाळेल. तू पहिल्या पानापासून सुरू केलंस. रोज दुपारी, गॅलरीत, चष्मा दोऱ्यानं बांधून. दीड-दोन महिन्यांनी विहिरीपाशी पोचलीस. मी कॉलेजातून आले तर तू पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसलेली, बोट पानाच्या तळाशी. "ही सैपाकीन कोन गं?" मला आधी वाटलं तू चेष्टा करते आहेस. म्हटलं, तूच की. "मंग आई का न्हाई लिव्हलं?" चेष्टा नव्हती. रागही नव्हता, एवढंसं कुतूहल होतं नुसतं, जसं काही ही लिहिण्याची काही रीत असेल आणि ती तुला ठाऊक नसेल. मी चप्पल काढत होते. खाली बघूनच म्हटलं, "मी लिहिलं होतं. सरांनी खोडलं. नात्यातल्या माणसाचा पुरावा चालत नाही, म्हणाले." तू म्हणालीस, "आसं व्हय. बरं." पुस्तक मिटलंस. पाचवं प्रकरण तू वाचलं नाहीस.

त्या दिवाळीला चटणी झाली नाही. शेंगदाणे आणले होते, तसेच डब्यात राहिले. मी विचारलं, सरांची चटणी? "हात दुखत्यात." पुण्याला गेले तेव्हा सर म्हणाले, यंदा आईंचा डबा नाही? मी म्हटलं, तब्येत बरी नसते हो. त्यांच्याकडं आधीच्या वर्षीचा डबा होता, तो त्यांनी दिला. साखर भरून, गच्च, झाकण बसेना इतकी. घरी आणला तर तू डबा धुतलास आणि साखर सगळी शेजारणीला देऊन टाकलीस. तू! सांडलेली साखरसुद्धा झाडून ठेवणारी. तोंडानं मात्र सरांबद्दल कधी वावगा शब्द काढला नाहीस. नावच काढलं नाहीस. आणि मी, मला सगळं दिसत होतं, मी वर्गात जाऊन शिकवत होते की इतिहासात ज्यांची नोंद होत नाही त्यांच्याकडं बघायला शिका. पोरं लिहून घ्यायची. आता विचार केला की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तुझी छाती गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आजी, विडी-तंबाखू? तू म्हणालीस, "विडी न्हाई. चुली. तीन." ते हसले, तूही हसलीस आणि मग किती वेळ खोकत राहिलीस. शेवटच्या आठवड्यात सर आले. सत्तरी उलटलेले, एस.टी.नं, पुण्याहून, हातात मोसंब्यांची पिशवी. तुला म्हणाले, "आई, मी यांचा सर. तुम्हांला भेटायचं फार दिवस मनात होतं." तू त्यांच्याकडं एकदा नीट बघितलंस. मग भिंतीकडं तोंड केलंस. ते तुझ्या हातावरच्या भाजल्याच्या खुणांकडं बघत होते. मग मोसंबी खाली ठेवली आणि तुझ्या पायांना हात लावून बाहेर आले. व्हरांड्यात मला म्हणाले, आईंचा माझ्यावर राग आहे का काही? मी म्हटलं, नाही हो सर, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. तुला त्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नाची तिथीसुद्धा आठवत होती. सर गेल्यावर तू म्हणालीस, "मोसंबी त्या पलीकडच्या खाटवालीला दे." चौथ्या दिवशी तू गेलीस. सर त्यानंतर सहा वर्षांनी गेले. तोवर दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, शेवटी एकच वाक्य, की आईंच्या चटणीची आठवण येते.

मागच्या आठवड्यात हे कागद तपासायला घेतले तेव्हा कपाटावरून जुना प्रबंध काढला, टाइप केलेला, पहिला खर्डा. चौथं प्रकरण. पानाच्या तळाशी टाइप केलेली मूळ ओळ आहे. 'ही उकल माझ्या आईची आहे. ती संगमनेरच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते.' तिच्यावर शाईची आडवी रेघ. रेघेच्या वर शाईनंच लिहिलेली दुसरी ओळ, ती पुढं छापून आली ती. आणि समासात पेन्सिलीनं सरांचं बारीक अक्षर. 'आधीची ओळच ठेवा. आईंचं नावही घाला.' हे मला नव्यानं सापडलं असं लिहिणार होते, पण नको. मला ते पान कायम ठाऊक होतं. म्हणूनच तो गठ्ठा मी कधी खाली काढला नव्हता. सरांना सगळं माहीत होतं गं, मुलींच्या तोंडून ऐकलेलं रेक्टरचंसुद्धा. त्यांनी मला एका शब्दानं उघडं पाडलं नाही. दवाखान्यात आले ते तुझे आभार मानायला आले होते.

पावणेपाच झाले. टीप बदलली. आधीचीच ओळ पुन्हा लिहिली, पुढं तुझं नाव, सासरचं, माहेरचं, सगळं. हे पत्र मात्र कुठं जाणार नाही. त्या टाइप केलेल्या पानात घडी करून ठेवीन आणि गठ्ठा पुन्हा कपाटावर. ओळ दुरुस्त केली म्हणून आता सगळं फिटलं असं मला स्वतःला सांगून बघितलं, तुझी शपथ, पण गळ्याखाली उतरत नाही. टिपेनं तुला काय होणार होतं? तुला फक्त एवढंच कळायला हवं होतं की त्या माणसानं तुझं वाईट केलं नव्हतं. आणि ते सांगायला मला तुझ्या उशाशी बसून तीन आठवडे मिळाले होते. सरांनी नाही खोडलं, आई. ते कधी शाई वापरत नव्हते. ती रेघ माझी आहे.